पावरीत की पावरीवर?

प्रश्न असा आलाय की धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या दोन भावांच्या (एक पावरी वाजवतो, दुसरा संबळ) व्हिडिओखाली 'पावरी गाणी जपणारे भाऊ' असं लिहिलंय, तर पावरी हे पावरा समाजाचं वाद्य आहे का आणि पावा नि पावरी एकच का.

दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. पावरा लोक सातपुड्यातले, धडगाव, शिरपूर, चोपड्याचा डोंगरपट्टा, आणि त्यांच्या बोलीलापण पावरीच म्हणतात, सगळा घोळ इथं होतो. पावरी हे वाद्य मात्र साक्रीचा पश्चिम भाग, नवापूर आणि पलीकडं गुजरातेतलं डांग, तिथल्या कोकणा नि भिल्ल लोकांचं. धडगाव आणि नवापूर दोन्ही नंदुरबार जिल्ह्यात (१९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला तो) त्यामुळं बाहेरचा माणूस सगळं एकच धरतो, मधे अख्खी तापी आहे हे कोण बघतं.

पावा म्हणजे बासरी, साधी बांबूची नळी. पावरीला वाळवलेला भोपळा लागतो, त्यात हवा फुंकायची, खाली दोन नळ्या मेणानं पक्क्या बसवलेल्या, पुढं शिंगासारखं पसरट तोंड नि वर मोरपिसं. गारुड्याच्या पुंगीचंच तंत्र, पण आकार दांडगा. आणि सूर कुठं तुटत नाही, कारण गालात साठवलेली हवा आत ढकलता ढकलताच नाकानं श्वास ओढायचा असतो, व्हिडिओत पावरीवाल्या भावाचे गाल नीट बघा म्हणजे कळेल. हे पुस्तकातून येत नाही, घरात कुणी वाजवणारा असला तरच पोरगं शिकतं. परत भोवाड्यात (मुखवटे घालून सोंगं नाचवतात तो उत्सव) प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, सोंग बदललं की संबळवाल्यानं नि पावरीवाल्यानं एकदमच वळायला हवं, म्हणून अशा भावांच्या जोडीचं मला फार मोल वाटतं.

आता वापराचं. बोली असेल तर 'पावरीत': पावरीत गाणं म्हटलं. वाद्य असेल तर 'पावरीवर': पावरीवर रात्रभर नाचले. नुसतं 'पावरी गाणी' म्हटलं की वाचणारा सातपुड्यात जातो आणि ज्या लोकांची ही कला त्यांचं नावच गळून पडतं, ते मला खटकतं. त्या व्हिडिओखाली 'पावरी-संबळ वाजवणारे भाऊ' असं हवं होतं. गाणी हा शब्द तर तिथं बसतच नाही, ज्याच्या तोंडात पावरी आहे तो गाणार कसा.