तिच्यासोबत जा, तिच्याऐवजी नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पॅसेंजरमध्ये पाय ठेवला की तुझ्या बायकोची छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, आता मरतेच असं वाटतं. जळगावची नोकरी बंद पडली. भाजी तू आणतोस, बँकेत तू जातोस, तिच्या बहिणीचा फोनसुद्धा तूच उचलतोस, आणि आता स्वतःची नोकरी सोडून घरी थांबायचं म्हणतोस. शेवटी विचारलंयस, ‘सर, अजून काय करू?’

अजून काही करू नकोस. जे करतोयस त्यातलं निम्मं बंद कर.

रागावू नकोस. तू किती जीव लावतोस ते दिसतंय, म्हणूनच लिहितोय. तिच्यासोबत जा, तिच्याऐवजी जाऊ नकोस. पुढे सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून डॉक्टरांनी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याचा आजार, सांगितलाय ना? मग रोज नव्याने हृदय तपासत फिरू नका. (कधी वेगळंच दुखलं, शुद्ध हरपली, तर मात्र सरळ दवाखाना. आणि मे महिन्यात भुसावळात कोणाचीही छाती धडधडते, तेव्हा उन्हाचं काय नि आजाराचं काय, एवढं तारतम्य ठेव.) झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. गाडीत बसून राहिली तरी ओसरतो. पण ती घाबरून खाली उतरली, की मन नोंद करून ठेवतं: उतरले म्हणून वाचले. पुढच्या वेळी गाडी आणखी भयंकर वाटते. तू तिच्याऐवजी बँकेत गेलास की हीच नोंद होते, फक्त तुझ्या हस्ताक्षरात.

आमच्या घरी हे सगळं झालंय, तुला माहीत नसेल. तुम्हाला नववीला भूमिती शिकवायचो ना, त्याच वर्षांत. तेव्हा अमळनेरात सगळे म्हणायचे, ‘गॅस आहे’. एक इंजेक्शन, एक पुडी आणि घरी. तुझी काकू, माझी बायको, दाराबाहेर पडेनाशी झाली. तिची आई शहाद्याला शेवटच्या दुखण्यात होती. आठवड्याआड मी जायचो, काकूऐवजी. औषधं द्यायचो, उशाशी बसायचो, परत येऊन हिला सगळं सांगायचो. सासरवाडीत माझं केवढं कौतुक, असा जावई मिळायला नशीब लागतं म्हणे. आई गेली, लेकीची भेट झाली नाही. त्या कौतुकाचा एक शब्द आठवला तरी मला आजही घास गिळवत नाही.

म्हणून पुढे मी हट्टी झालो. कठोर झालो, असं मेहुणा म्हणतो. त्याचंही ऐक, मग तूच ठरव.

धुळ्याला मानसोपचार सुरू झाल्यावर काकूने भाचीच्या लग्नाला दोंडाईच्याला रेल्वेने जायचं ठरवलं. तिनेच ठरवलं, मी नाही. आदल्या रात्री ताटावर बसून मला म्हणाली, “मध्ये उतरा म्हटलं तरी उतरवू नका.” बेटावदला गाडी थांबली आणि ती दाराशी गेली. घामाने ब्लाऊज भिजलेला, दांडी धरलेली बोटं पांढरी पडलेली. “उतरू द्या मला.” मी हात धरला नाही, वाटही अडवली नाही. शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, “काल रात्री तू काय सांगितलंस ते आठव. आताही उतरायचं असेल तर मीही उतरतो.” ती तशीच उभी राहिली. गाडी सुटली. नरडाणा येईपर्यंत तिने दांडी सोडली होती आणि शिंदखेड्याला चहा मागितला. मेहुणा त्याच डब्यात होता. त्याने फक्त दारातलं पाहिलं. “तुम्ही मानूस शेतस का कसाई?” चारचौघांत म्हणाला. आजही लग्नकार्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. बोलू दे. त्याला ताटावरचं बोलणं ऐकू आलं नव्हतं.

तेव्हा हे नीट समजून घे. मी तिला ढकललं नव्हतं. ढकलणं आणि तिच्याऐवजी करणं, दोन्हींत निर्णय तुझाच असतो. पायऱ्या तिने ठरवायच्या, डॉक्टर किंवा समुपदेशकाला विचारून, शांत असताना, कागदावर. आधी नुसतं फलाटावर बसणं. मग भादलीपर्यंत जाऊन परत. मग जळगाव, तू त्याच डब्यात. मग तू शेजारच्या डब्यात. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मगच पुढची. मागे आली तर मागे आली. तोंड वाकडं करू नकोस.

रात्री ती विचारत असेल, ‘मला काही होणार नाही ना?’ एकदा उत्तर दे, मनापासून. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा देऊ नकोस. ‘भीती विचारतेय, आपण मघाशी बोललो,’ एवढं म्हण आणि जवळ बस. प्रत्येक वेळी ‘काही नही व्हस’ म्हणत राहिलास, तर उद्या तुझ्या तोंडून ते ऐकल्याशिवाय तिला झोप लागणार नाही. हेसुद्धा तिच्याऐवजीच आहे, तिच्या धीराऐवजी तुझा धीर.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच केलं. चिंतेच्या आजाराच्या मुलांना न शिकवता फक्त आईबापांना शिकवलं, की मुलाच्या भीतीपायी आपण काय काय करतो ते हळूहळू कमी करायचं. २०२०मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: मुलांवर थेट उपचार केल्याइतकाच गुण. ते वाचलं तेव्हा मी मेहुण्याला फोन लावणार होतो. काकूने फोन काढून घेतला.

गोळ्यांचं थोडक्यात. एस्सिटालोप्राम किंवा तसलं औषध दिलं असेल तर पहिले काही दिवस अस्वस्थता वाढू शकते. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची अर्धी’ म्हणून अल्प्राझोलाम आणत असाल तर ते डॉक्टरांना आजच सांग. त्याची सवय लागते. अचानक थांबवणंही धोक्याचं. जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली तर मात्र माझं हे तत्त्वज्ञान बाजूला ठेव, तिला एकटीला सोडू नकोस, त्याच रात्री डॉक्टर गाठ. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तरी तिथे फोन करता येतो.

आई ‘बाहेरचं’ म्हणते, उतारा काढते, म्हणून घरात भांडतोस असं लिहिलंयस. कशाला? उतरवू दे लिंबू. गोळी चुकायला नको आणि सुनेला कोणी मारझोड, धूर-धुपाटणं करायला नको, या दोन गोष्टींवर अडून बस. बाकी सोडून दे. कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळं घर जमेल, तेव्हा तिला खोलीत लपवू नकोस आणि पाहुण्यांपुढे तिच्या वतीने उत्तरंही देऊ नकोस. तिला बोलायला वेळ लागला तर लागू दे. तू तोंड मिटून बस. तुला ते जड जाईल. वर्गातही दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तूच द्यायचास.

तिच्याशी काकूला बोलायचंय. नंबर पाठव, पण आधी तिला विचारून. फोन तिने उचलायचा. नाही उचलला तर काकू दुसऱ्या दिवशी परत करील. आईशी मी बोलतो. रविवारी सकाळी फोन लावून दे, दुपारी लावलास तर मी झोपलेला असेन.

तुझा,
सर