महसूल, वसूल आणि 'काय हशील?'

वेंगुर्ल्याहून एका ताईंनी विचारलंय: "'महसूली तूट' बरोबर की 'महसुली तूट'? आणि महसूल व वसूल एकाच शब्दातून आलेत का? आमचे शाळेतले मास्तर सांगायचे, वसु म्हणजे धन, त्यावरून वसूल."

लिहायचं 'महसुली'. कबूल-कबुली, वसूल-वसुली, तसंच हे. झालं.

आता माझा राग. सिनेमाने पहिल्या दिवशी अमुक कोटींचा 'महसूल' कमावला म्हणे! अहो, महसूल सरकारचा; सिनेमाचा गल्ला असतो, कंपनीची उलाढाल असते. त्याहून वाईट म्हणजे 'कर्जातून मिळालेला महसूल'. २०२४-२५ मध्ये देशात जीएसटीचे ढोबळ २२.०८ लाख कोटी रुपये जमले, तो महसूल. त्याच वर्षाच्या हिशेबातून रिझर्व्ह बँकेने केंद्राला सुमारे २.६९ लाख कोटींची शिल्लक दिली, तो कर नव्हे, पण महसूलच. रोखे विकून आणलेला पैसा मात्र उसना. आपली कोकण रेल्वे बरीचशी रोख्यांवर उभी राहिली, पण त्या उसन्या पैशातून निदान रूळ तरी पडले. पगार, पेन्शनी, व्याज भागवायलाच महसूल पुरेना आणि त्यासाठी उसनवारी करावी लागली, की ती महसुली तूट. मग बंदराच्या धक्क्याला आणि गावच्या साकवाला पैसा उरणार कुठून?

असो, मास्तरांचं वसु. शुद्ध थाप. मास्तरांचा मान राखून म्हणतो, पण थापच. असल्या व्युत्पत्त्या कानाला गोड लागतात, एवढाच त्यांचा आधार. 'महाशुल्क'चं महसूल झालं असं सांगणारेही मला भेटलेत. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय.

दोन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेने दरबारी मराठीत आलेले. पण मुळं वेगळी, हे लक्षात घ्या. वसूल म्हणजे 'पोचणं'. उर्दू शायरांची वस्ल, म्हणजे प्रियेची भेट, ती याच मुळाची. आपल्या 'पावती'कडे बघा: पावणे म्हणजे पोचणे, हाती येणे. पैसा पावला की पावती. अरबीने आणि मराठीने एकच कल्पना आपापल्या घरी घडवली! नुसती आकारणी कागदावर असते, पोचेल तेवढाच वसूल, उरली ती बाकी.

महसूल मात्र 'ह-स-ल' या मुळाचा: हाती लागणं, निपजणं. मजकूर, मंजूर ज्या साच्यात पडले त्याच साच्यातला. 'जे निपजलं ते', म्हणजे चक्क पीक. अरबीत आजही महसूल म्हणजे पीक. याच मुळातून तहसील, म्हणजे गोळा करणं. आणि याच घरातलं धाकटं पोर म्हणजे आपलं 'हशील'!

"आता बोंबलून काय हशील?" असं आपण म्हणतो ना? मूळ अर्थ हाती आलेलं उत्पन्न, लाभ. पण मराठीत हशील आहे असं सहसा कोणी म्हणत नाही. हशील नेहमी नसतंच, नाहीतर प्रश्नात असतं. हे असं का झालं? माझा कयास असा, की हा प्रश्न खळ्यावर जन्मला असणार. भात झोडून रास पडायची आणि खोत, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा कोकणातला वतनदार, निम्मी उचलायचा, अर्धेल म्हणून. सरकारी धारा भरून वरचं खोताच्या कोठीत. कुळाने आपल्या राशीकडे बघून दुसरं काय म्हणावं? कोशकार मंडळी नाक मुरडतील, हा शब्द घाटावरही चालतो म्हणतील. चालू दे. धान्याची वाटणी घाटावर काय होत नव्हती? पण ज्यांनी उभ्या जन्मात खळं पाहिलं नाही, त्यांनी मला शब्दाची नाडी शिकवू नये. आंबेडकरांनी खोती मोडायचं विधेयक १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोत गेले, पण 'काय हशील' राहिलं.

राहिली महसुलाची गोष्ट. रत्नागिरीत सावरकरांनी भाषाशुद्धीचा धडाका लावला, दिनांक, महापौर असे शब्द दिले आणि ते रुजलेही. महसूल जागचा हलला नाही. आमच्याकडे आजही महसूल म्हटलं की जीएसटी कोणाच्या मनात येत नाही, सातबारा येतो, आणि त्याच्यासाठी तहसील कचेरीत घातलेले हेलपाटे. तिथून रिकाम्या हाताने परतणारा माणूस बाहेरच्या टपरीवर चहा पिताना काय म्हणतो, ते ताई, तुम्ही ऐकलं असेलच.