बँकेत जीव रमत नाही, मिरजेच्या तंबोऱ्यांत रमतो

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यात एका सरकारी बँकेत ऑफिसर आहे. वय ३५, नोकरीला ११ वर्षं झाली. आधी खेडेगावातल्या ब्रँचला होतो तेव्हा पीककर्ज, बचतगट असं काम होतं, बरं चाललेलं. आता शहरात आलोय आणि रोज सकाळी मीटिंग, आज किती इन्शुरन्स विकले, किती म्युच्युअल फंड, नाही झालं तर रात्री आठला परत व्हॉट्सॲपवर विचारणा. सोमवारी सकाळी पोटात गोळा येतो. दुसरीकडे गेली दोन वर्षं रविवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे जाऊन बसतो. मी थोडं गाणं शिकलेलो आहे. ते तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवतात, ते बघताना तास कसे जातात कळत नाही. मला हेच शिकायचंय, आयुष्यभर हेच करायचंय असं वाटतं. घरात बायको, सहा वर्षांची मुलगी, वडिलांना शुगर, घराचं कर्ज चालू. बायको म्हणते तू म्हणशील ते, पण तिचा चेहरा वेगळं सांगतो. राजीनामा देऊ का? आत्ता नाही तर कधीच नाही असं वाटायला लागलंय.

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. आधी सरळ उत्तर देते, आत्ता राजीनामा देऊ नकोस. पण 'रिटायर झाल्यावर बघ' असंही मी म्हणणार नाही, तो सल्ला मला मनापासून आवडत नाही, कारण साठीला कानसावर बसणारा हात नव्यानं घडत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली की आताच्या ब्रँचबद्दल तू जे काही लिहिलंयस त्यात बँकेचं काम कुठंच नाही, सगळं टार्गेटबद्दल आहे. खेड्यातल्या ब्रँचला तू बरा होतास हे तूच लिहिलंयस. म्हणजे तुला त्रास ह्या खुर्चीचा आहे आणि ओढ तंबोऱ्याची आहे, आणि ह्या दोन्हींची गाठ तू एकत्र मारून टाकलीयस. ती आधी सोडव. क्रेडिट प्रोसेसिंग सेल, ऑडिट, परत ग्रामीण ब्रँच, जिथं विक्रीचा रेटा कमी आहे तिथं बदली माग, लेखी माग, एकदा नाही मिळाली तर परत माग. पोटातला गोळा कमी झाल्यावरही मिरजेची ओढ तेवढीच राहिली तर ती खरी. आणि बदली मिळेपर्यंत झोप उडाली, चिडचिड मुलीवर निघायला लागली, तर डॉक्टरकडे जा, रजा घे, त्यात लाज वाटून घेऊ नकोस.

आता जवारी. मला ह्या कामाबद्दल खूप आदर आहे म्हणून जरा लांबण लावते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, वरचा पृष्ठभाग कानसानं इतका बारीक घासायचा की तार तिथं टेकते-न-टेकते अशी राहिली पाहिजे, मग खाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एक जागा अशी येते की अख्खा तंबोरा बोलायला लागतो. केसभर जास्त घासलं तर गेलं, परत पहिल्यापासून. हे कान आणि हात दोन्हींचं काम आहे आणि तुझा कान गाण्यानं तयार झालाय ही तुझी मोठी जमेची बाजू. पण तू रविवारी दुपारी जे बघतोस तो शेवटचा गोड तास आहे रे. त्याच्या आधी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळवणं, त्यातला चांगला निवडणं, कापणं, आतून साफ करणं, दांडी जोडणं, भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवणं, खुंट्या घट्ट बसेपर्यंत घासत राहणं, पॉलिशचे हात एकावर एक देत बसणं, हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्यात संगीत अजिबात नसतं, भुसा असतो. ते तू केलंयस का? पत्रात कुठं दिसलं नाही. कारागिरांना सांग, मला जवारी दाखवू नका, पॉलिश पेपर द्या हातात. पाच-सहा महिने फक्त तेच कर. तरी जावंसं वाटलं तर समज की तुला काम आवडतंय. नाहीच वाटलं, तर तू तंबोऱ्याचा उत्तम श्रोता आहेस, ते पण आयुष्यभर पुरण्यासारखं आहे.

वेळ कुठून आणू म्हणशील तर तुमच्या बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, म्हणजे महिन्यातून दोनदा सलग दोन दिवस मिळतात. ते घरच्यांशी बोलून ठरवून घे, कारण बायकोचा चेहरा वेगळं सांगतोय हे तुला दिसलंय आणि तू ते पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंयस. तिला एकदा मिरजेला घेऊन जा, मुलीलाही ने, तिथं बसवून दाखव काय आहे ते, मग घरी आल्यावर पैशाचं बोला.

आणि पैशाचं नीट बोलायलाच लागेल. घराचं कर्ज स्टाफ रेटनं घेतलं असशील तर नोकरी सोडल्यावर ती सवलत जाते, कर्ज बाजारभावाच्या व्याजावर जातं किंवा फेडायला सांगतात, तुझं सँक्शन लेटर काढून वाच. ११ वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल, महिन्याचा बेसिक अधिक डीए गुणिले पंधरा गुणिले वर्षं भागिले सव्वीस असा ढोबळ हिशोब करून बघ, ती रक्कम किती महिने घर चालवेल ते कळेल. काही सरकारी बँकांत सब्बॅटिकल, म्हणजे नोकरी न सोडता घ्यायच्या लांब रजेची सोय असते, तुमच्याकडे तुला ती लागू आहे का ते एचआरला विचार. शिकताना पैसे घ्यायचा विषय निघाला तर आधी बँकेची परवानगी काढ, ऑफिसरना बाहेरचा धंदा परवानगीशिवाय चालत नाही.

कारागिरांनाही विचार, महिन्याला किती वाद्यं जातात, हातात काय राहतं. अवघड वाटेल विचारायला पण ते सांगतील. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरच्या ॲपनं रियाजाचं बरंच गिऱ्हाईक नेलंय हे त्या गल्लीत लहान पोरगंही सांगेल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मला फार आनंद झाला होता. पण मानांकनानं नाव मिळतं, ऑर्डर आपोआप येत नाही, आणि ते नाव वापरायला प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. फॉर्म, कागद, कर्जाचं प्रपोजल, हे तुझ्याइतकं त्या गल्लीत कितीजणांना जमतं? पिढ्यान्‌पिढ्या घासत आलेल्या माणसांच्या बरोबरीनं तू कानस चालवायला अजून बरीच वर्षं लागतील पण त्यांचे कागद तू उद्या करून देऊ शकतोस, फुकट, आपलेपणानं. ज्या ११ वर्षांवर तू वैतागलायस तीच तुला त्या दुकानात पाहुण्याची जागा सोडून घरच्या माणसाची जागा देतील असं मला खरंच वाटतं.

सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो त्या अर्ध्याच ऐकतो. पंडित वसंतराव देशपांडे पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या ऑफिसात वर्षानुवर्षं कारकुनी करत होते, गाणं त्याच्या जोडीनं चालू होतं, नोकरी सोडली ती पंचेचाळिशीच्या आसपास. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, प्रॅक्टिस करता करता नाटकं करत राहिले आणि पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. दोघांनी सोडली तेव्हा पुढच्या कामाला हात पक्का बसलेला होता. तू ३५ चा आहेस, 'आत्ता नाही तर कधीच नाही' हे तुझ्या वयाला लागू होत नाही.

दोन वर्षांची मुदत घाल. तोपर्यंत तू लावलेली जवारी एखादा गायक कारागिरांचा हात न फिरवून घेता तशीच घेऊन गेला, आणि घरखर्चाचे वर्षभराचे पैसे बाजूला पडले, तर मला परत लिही. तेव्हा मी 'सोड' म्हणेन.

प्रश्न : नवरा पुण्यात आयटीत आहे, त्याला सगळं सोडून गावी कोकणात होमस्टे काढायचाय. मी नाही म्हणत नाहीये, पण भीती वाटते. सोडायच्या आधी काय काय बघावं? मुलगा दहावीत आहे.

उत्तर : दहावी होऊ दे, हे पहिलं. मग मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो हे लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि सासू-सासरे त्यातच असतात. नोकरी असतानाच स्वतःची पॉलिसी काढा, कारण आधीपासून असलेल्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळत नाही, २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय, तरी तीन वर्षं म्हणजे थोडी नाहीत. आज काढलीत तर ती मुदत पगार चालू असतानाच संपायला लागेल. टर्म इन्शुरन्स आणि लागणार असेल ते कर्ज, दोन्ही सॅलरी स्लिप असताना सोपं जातं.

आणि त्याला एक पावसाळा तिथं राहू दे, एकट्याला, रजा टाकून. मे महिन्यातलं कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैमध्ये लाईट जाते, रेंज जाते, गिऱ्हाईक नसतं, कौलं गळतात आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. जमीन सामायिक असेल तर सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते पाऊस पडायच्या आधी बघून घ्या, चुलतभावांची लेखी संमती नसेल तर एक रुपयाही बांधकामात घालू नका.