कैद्यांचे आकडे हाताळण्याआधी

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहावर प्रकल्प करायचा म्हणतोस, जरूर कर. पण कैद्यांची जातवार टक्केवारी काढून लगेच निष्कर्ष काढू नकोस. देशातल्या तुरुंगांत चारपैकी साधारण तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, असतात. जामीनदार न मिळालेला गरीबही त्यातच मोजला जातो. मग तो आकडा गुन्ह्याचा की पोलिसांच्या नजरेचा?

ब्रिटनमध्ये हाच वाद रंगला. समाजअभ्यासक स्टुअर्ट हॉल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलं, की आर्थिक संकटात कृष्णवर्णीय तरुणांना लुटारू ठरवून भीती पसरवली गेली. जॉन ली आणि जॉक यंग या गुन्हेशास्त्रज्ञांना हे अपुरं वाटलं. सापेक्ष वंचना (इतरांच्या तुलनेत आपल्याला कमी मिळतं ही भावना) आणि राजकीय आवाज नसणं यांतून काही गुन्हे खरोखरच वाढतात, असं त्यांचं म्हणणं. मला हे जास्त पटतं, पण आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. इथे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. १९५२ मध्ये तो देशभर रद्द झाला, तरी सराईत गुन्हेगारांचे कायदे उरलेच. चोरी झाली की धाड पारध्यांच्या पालावर, हे मग ओघानंच आलं.

तेव्हा प्रश्नावलीत ‘पोलिसांनी शेवटचं कधी अडवलं?’ हे नक्की विचार. आणि परवानगीचा अर्ज आत्ताच टाक, त्याला वेळ लागतो.