वानवळा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा दादरच्या पुलावर भेटलास आणि घाईघाईत म्हणालास, "मावशी, मी इतक्या लिंका शोधून शोधून सगळ्यांना पाठवतो, कुणी साधा लाइकचा अंगठासुद्धा टाकत नाही." गर्दीत नीट बोलता आलं नाही. घरी येऊन तू पाठवलेलं सगळं पुन्हा उघडलं. एका सकाळी चौदा लिंका होत्या. त्यातली एक खरोखर सुंदर होती, आणि तीच माझ्याकडून बघायची राहून गेली होती.

लहानपणी आम्ही लालबागला चाळीत राहायचो. साताऱ्याकडून कुणी आलं की पिशवीत घेवडा, भुईमुगाच्या शेंगा, गूळ असायचा. आई लगेच कागदाच्या पुड्या बांधून मला दारोदार वानवळा द्यायला पिटाळायची. सगळ्यांना सारखं नाही हं. खालच्या आजींना दात नव्हते, त्यांना शेंगा कुटून. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात बाळंतीण, तिथे गूळ. आणि निघताना बजावायची, "मामाच्या शेतातला आहे म्हणून सांग." कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुडी हातात द्यायची नाही. तू जे वेचून आणतोस, ते तसंच वाटावंस असं मला मनापासून वाटतं.

आता त्या कॉफीच्या भांड्याचं बघ. तू नुसती लिंक टाकलीस आणि खाली तीन हसरे चेहरे. वाचणाऱ्याला गंमत कळणार कशी? केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात सगळ्यांत मिळून कॉफीचं एक भांडं. लोक जिने चढून-उतरून यायचे आणि बघतात तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेराच लावला, जागेवर बसून कॉफी उरली की नाही ते दिसावं म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरचे लोक परक्यांची कॉफी बघत राहिले. एवढं तुझ्या शब्दांत लिहून, ऑफिसात चहा संपल्यावरच पोचणाऱ्या तुझ्या त्या मित्राला एकट्याला पाठवलं असतंस, तर त्याने तिथल्या तिथे फोन केला असता.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी जुलैत रुळांवर पाणी भरल्याचा फोटो आला आणि मी "आत्ताचा" असं लिहून तो पुढे ढकलला. शेजारणीने तो बघून मुलीला परीक्षेला पाठवलं नाही. त्या दिवशी गाड्या चालू होत्या. फोटो २६ जुलै २००५ च्या पुराचा होता. त्यातली लोकल जुन्या पिवळ्या-तपकिरी रंगाची होती. जांभळ्या-पांढऱ्या गाड्या २००७ पासून यायला लागल्या, आणि मी रोज त्यांतूनच जायची. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, वेलांटी चुकली तर नजर अडायची, आणि डोळ्यांपुढचा डबा दिसला नाही. त्या मुलीचा पेपर मी परत आणून देऊ शकले नाही.

म्हणून पाठवण्याआधी अर्धं मिनिट थांब. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे येऊन गेलाय ते बहुतेक वेळा कळतं. पान नाहीसं झालं असेल तर वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून बघ, जुनी प्रत सापडते पुष्कळदा. आणि फलाटावर घसरून पडलेल्या बाईचा तो व्हिडिओ पुन्हा कुणाला पाठवू नकोस. तिला विचारून तो कुणी काढलेला नाही.

राहता राहिली ती सुंदर लिंक, माशांच्या घंटीची. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला कालव्यावर बोटींसाठी उघडणारं जुनं दार आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात, पण तेव्हा बोटी फारशा नसतात, त्यामुळे दार बंद, आणि मासे तिथेच ताटकळत राहून पक्ष्यांच्या तोंडी पडतात. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. जगात कुठेही बसलेल्या माणसाला मासा दिसला की त्याने घंटीचं बटण दाबायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला निरोप जातो. मी काल अर्धा तास त्याबद्दल वाचत बसले होते, जेवण गार झालं.

ही सगळ्यांना पाठवू नकोस. वरळी कोळीवाड्यातल्या तुझ्या मैत्रिणीचे बाबा आहेत ना, त्यांना दे. जून-जुलैत त्यांची होडी किनाऱ्याला ओढलेली असते, कारण तेव्हा माशांचा अंडी घालायचा काळ म्हणून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. दारापाशी खोळंबलेला मासा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल. लिंक डच भाषेत उघडली तर वरती दोन ओळी मराठीत लिही, आणि जमलं तर जाऊन त्यांच्या शेजारी बसूनच दाखव. ते काय म्हणाले ते मला सांग.

तुझी,
मावशी