क्रोशाची सुई नुकतीच हातात घेतलेल्या व्यक्तीने नाताळचा छोटा मोजा कसा विणावा?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. साखळी आणि खांब हे क्रोशाचे दोनच मूलभूत टाके येत असताना नाताळच्या झाडाला टांगण्याजोगा छोटा मोजा तीन आठवड्यांत विणून होईल का, त्यासाठी कोल्हापुरात कोणते सामान घ्यावे, आणि इंग्रजी व्हिडिओ पाहून विणायला घेतलेला मोजा दर वेळी अर्ध्यावर वाकडा का होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. पहिल्या मोज्याला तीन-चार संध्याकाळी लागतील, आणि पुढचे मोजे एकेका बैठकीत होऊ लागतील. तिसरा प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर अधिक लिहिते.

मी क्रोशे शिकले ते शुक्रवार पेठेतल्या आमच्या काकींकडून, आणि तेही रुखवतासाठी. दाराचे तोरण, ताटावरचे रुमाल आणि तांब्याखालची चकती हाच आमचा अभ्यासक्रम होता. नाताळचा मोजा पहिल्यांदा विणला तो शेजारच्या कुटुंबातील मुलीने मागितला म्हणून. ते कुटुंब वायल्डर मेमोरियल चर्चला जाते. (रॉयल वायल्डर हे अमेरिकी मिशनरी कोल्हापुरात १८५२ साली आले, त्यामुळे आपल्या गावाला नाताळ काही नवा नाही.) मोजा म्हटल्यावर मी घरात होता तोच तोरणाचा बारीक सुती दोरा आणि तोरणाचीच बारीक सुई घेतली. आठ दिवस डोळे फोडून तयार झालेला तो मोजा समईच्या वातीसारखा लुळा लोंबत होता. काकींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं, बाळंतविड्यातले पायमोजे आपण लोकरीचे करतो की नाही? मग हा दोऱ्याचा का केलास?’ त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. हा मोजा म्हणजे बाळाच्या पायमोज्याचाच भाऊ आहे. फरक इतकाच की यात पाय जायचा नसल्यामुळे माप चुकले तरी कोणाला टोचत नाही.

म्हणून सामानाविषयी माझे मत ठाम आहे. स्वेटरसाठी मिळते ती साधी, मध्यम जाडीची अॅक्रिलिक लोकर घ्यावी आणि तिच्यासोबत ४ मिलिमीटरची सुई घ्यावी. महाद्वार रोडवर शिवणकाम-विणकामाच्या साहित्याच्या दुकानात लोकर मागितली की समोर दहा प्रकार येतात. त्यांतली केसाळ, चमकीची आणि झुपकेदार लोकर कितीही मोहक दिसली तरी पहिल्या मोज्यासाठी घेऊ नये, कारण तिच्यात टाके दिसत नाहीत, आणि न दिसणारा टाका नवशिक्याला मोजता येत नाही. गडद मरून, गडद हिरवा आणि काळा हे रंगही याच कारणाने टाळावेत. उजळ लाल आणि पांढरा पुरेसे आहेत. एका मोज्याला दोन्ही रंग मिळून दहा ग्रॅमच्या आसपास लोकर लागते, त्यामुळे प्रत्येक रंगाचा एकेक लहान गोळा घेतला तरी चार-पाच मोजे सहज होतील. सुई घेताना तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा पाहावा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते, आणि ते ठाऊक नसल्यामुळे अनेक जणी ‘मोठा नंबर’ मागून बारीक सुई घरी आणतात. याशिवाय बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची एक सुई, एक सेफ्टी पिन आणि कात्री एवढेच लागते.

आता व्हिडिओंविषयी. तुम्ही कोणता व्हिडिओ पाहिला हे मला माहीत नाही, परंतु गोंधळाचे एक मूळ बहुधा हे असावे की अमेरिकी आणि ब्रिटिश विणकामात टाक्यांची नावे एकच असून अर्थ वेगळे आहेत. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकी पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. आपल्या साध्या खांबाला अमेरिकी लोक डबल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश लोक ट्रेबल. त्यामुळे ब्रिटिश कृतीतला ‘डबल’ वाचून कोणी खांब घातले, तर मोजा दुपटीने उंच होतो आणि त्यातून आतले चॉकलेट दिसू लागते. खाली मी सांगते त्या मोज्यात फक्त मुका खांब आहे, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवणार नाही. सुई टाक्याच्या वरच्या दोन्ही पदरांखालून घालायची, धागा ओढून सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा धागा घ्यायचा आणि दोन्ही वेढ्यांतून एकदम बाहेर काढायचा. एवढा एक टाका हाताला बसला की मोज्याचे नव्वद टक्के काम आले असे समजावे.

सुरुवात लाल लोकरीने पंजाच्या टोकापासून करावी. मॅजिक रिंग, म्हणजे धाग्याचे ओढून आवळता येणारे कडे, जमत नसेल तर तिच्यासाठी अडून बसू नका. दोन साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घातले तरी तेच काम होते. ही पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन मुके खांब घालावेत, म्हणजे बारा होतील. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन असे सहा वेळा करावे, म्हणजे अठरा होतील. त्यानंतर वाढवणे बंद करून पाच फेऱ्या अठरा-अठरा टाक्यांच्या सरळ विणाव्यात. वाढवणे थांबले की सपाट चकतीची आपोआप वाटी होते आणि वाटीची नळी होते. फेऱ्या जोडत न बसता गोल-गोल पुढे जात राहावे, मात्र प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ती फेरीगणिक वर सरकवत न्यावी. पिन नसेल तर फेरी कुठे संपली हे कळत नाही, मग एखाद्या टाक्यात चुकून दोन पडतात, आणि अठराचे तेवीस कधी झाले हे मोजा नरसाळ्यासारखा पसरल्यावरच लक्षात येते. शिकवताना मी पाहिलेल्या वाकड्या मोज्यांपैकी बहुतेक मोज्यांचा दोष टाक्यांत नव्हता, मोजणीत होता. या नळीची सुलट बाजू बाहेर आहे ना हेही इथेच पाहून घ्यावे. सुलट बाजूला वेणीच्या पेडांसारखे टाके दिसतात आणि उलट बाजूला आडव्या रेघा दिसतात.

आता टाच. ‘टाच अवघड असते’ ही समजूत इतकी पक्की आहे की पुष्कळ लोक तिच्या भीतीने दोन सपाट तुकडे विणून शिवून टाकतात. तसे करायला हरकत नाही, पण त्या मोज्याला कडेची शिवण दिसते आणि भरल्यावर तो नीट गोल होत नाही. खरे पाहता टाच म्हणजे गोल विणता विणता थोडा वेळ पुढे-मागे, सपाट विणणे, एवढेच आहे.

अठरा टाक्यांची नळी तयार झाल्यावर त्यातल्या फक्त दहा टाक्यांवर मुके खांब घालावेत आणि उरलेले आठ टाके तसेच सोडून द्यावेत. हे आठ टाके म्हणजे पावलाची वरची बाजू. आता एक साखळी घालून विणकाम उलटावे आणि परत दहा मुके खांब घालावेत. असे पहिली ओळ धरून एकूण पाच ओळी झाल्या की पावलाच्या मागे एक लहानशी पट्टी, जिभेसारखी, बाहेर आलेली दिसेल. इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते. उलटताना घातलेली एक साखळी टाका म्हणून मोजायची नसते, पहिला मुका खांब अगदी कडेच्या पहिल्याच टाक्यात घालायचा असतो. तो सुटला की ओळीत नऊ राहतात, पुढच्या ओळीत आठ, आणि पट्टी त्रिकोणी होत जाते. म्हणून या पाच ओळींत प्रत्येक ओळीनंतर दहा मोजल्याशिवाय विणकाम उलटू नये. कंटाळा येतो हे मान्य आहे, पण पन्नासच टाके आहेत.

पाचवी ओळ संपल्यावर एक वीतभर धागा राखून कापावा आणि शेवटच्या वेढ्यातून ओढून घ्यावा. आता पट्टीची शेवटची ओळ मधोमध दुमडावी, म्हणजे पाच टाक्यांसमोर पाच टाके येतील. दुमडताना सुलट बाजू आत ठेवावी आणि राखलेला धागा बोथट सुईत ओवून हे पाच-पाच टाके एकमेकांना शिवून घ्यावेत. मग पट्टी पुन्हा सुलट केली की सपाट जीभ नाहीशी होऊन तिथे गोल टाच उभी राहिलेली असते. वर्गात ज्या मुली सुई टाकून देण्याच्या बेतात असतात, त्यांचा चेहरा या क्षणी पाहण्यासारखा होतो. खरे सांगायचे तर मलाही अजून दर वेळी थोडे नवल वाटते.

टाच शिवून झाल्यावर वरच्या बाजूला गोल तोंड उरते. त्याच्या मागच्या मध्यावर, म्हणजे शिवणीच्या वरच्या टोकाशी, लाल धागा पुन्हा जोडावा. तिथून टाचेच्या एका कडेने प्रत्येक ओळीच्या टोकाला एक याप्रमाणे पाच मुके खांब, मग सोडून दिलेल्या आठ टाक्यांवर आठ आणि दुसऱ्या कडेने पुन्हा पाच घालावेत. पाच, आठ आणि पाच मिळून अठरा होतात, म्हणजे पावलाचे जेवढे टाके होते तेवढेच नडगीचे झाले. टाचेची कड आणि ते आठ टाके जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत बारीक भोक राहते. ते तुमच्या हाताचा दोष नाही, सर्वांचेच राहते. शेवटी उरलेल्या धाग्याने आतून एक टाका घातला की ते बुजते.

नडगीच्या दहा फेऱ्या सरळ विणाव्यात. शेवटच्या लाल मुक्या खांबाचे दोन वेढे सुईवर असतानाच पांढरा धागा घेऊन टाका पुरा करावा, म्हणजे रंग स्वच्छ बदलतो. गोल-गोल विणताना रंग बदलतो तिथे एक लहान पायरी दिसतेच, पण आपण सुरुवात मागच्या मध्यावर केलेली असल्यामुळे ती मागेच राहते. पांढऱ्या तीन फेऱ्या झाल्या की तिथेच पंधरा साखळ्या घालून त्यांचे टोक त्याच टाक्याला स्लिप स्टिचने जोडावे (सुई टाक्यात घालून धागा ओढायचा आणि तो सुईवरच्या वेढ्यातूनही थेट बाहेर काढायचा), हा टांगण्याचा फासा झाला. मोजा साधारण नऊ-दहा सेंटिमीटर उंच होतो, पण तुमचा हात घट्ट किंवा सैल असेल त्याप्रमाणे सेंटिमीटरभर कमीजास्त होईल.

धाग्यांची टोके गाठ मारून लगेच कापू नयेत. ती आतल्या बाजूने पाच-सहा सेंटिमीटर टाक्यांतून फिरवून मग कापावीत. अॅक्रिलिकवर तापलेली इस्त्री कधीच ठेवू नये, लोकर चपटी आणि निर्जीव होते. त्याऐवजी मोज्यात कागदाचे बोळे भरून वरून पाण्याचा हबका मारावा आणि रात्रभर ठेवावा. पंजाच्या टोकाला काही लावायचे असेल तर बाजारातल्या प्लास्टिकच्या घंटीपेक्षा तुटलेल्या पैंजणाचे एखादे घुंगरू मला जास्त आवडते. चांदीच्या दागिन्यांचे गाव हुपरी इतके जवळ असताना आपल्याकडे बहुतेक घरांत असे एखादे घुंगरू डबीत पडलेले असतेच. आत एखादे लहान चॉकलेट किंवा चिक्कीचा तुकडा ठेवता येतो, परंतु नाणी भरू नयेत, कारण वजनाने साखळीचा फासा ताणून लांब होतो.

दोन-तीन मोजे झाल्यावर मोठा करावासा वाटेल, तेव्हा नवी कृती शोधत बसण्याची गरज नाही. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एक-एक आणि तिसऱ्यात दोन असे सहा वेळा करून टाके चोवीसवर न्यावेत आणि पाऊल लांबीला हवे तेवढे सरळ विणावे. टाच चौदा टाक्यांवर घालून सात ओळी विणाव्यात आणि वर दहा टाके सोडावेत, म्हणजे सात, दहा आणि सात मिळून पुन्हा चोवीसच भरतात. टाचेचे टाके नेहमी सम असावेत म्हणजे ते बरोबर अर्ध्यावर दुमडता येतात, आणि टाचेच्या ओळी विषम असाव्यात म्हणजे शेवटची ओळ सुलट बाजूने संपते.