नागपुरात पावसाळ्यानंतर गच्चीवर काळे डाग पडलेत, अ‍ॅसिड टाकून धुवावी का?

अ‍ॅसिड नको. ते सिमेंट खातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ तिथेच जास्त धरतं.

काळा थर शेवाळाचा असतो. आधी कोरडा खराटा मारा, पन्हाळ्याची जाळी मोकळी करा. 10 लिटर पाण्यात साधारण 300 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच वापरा; गाळ ओतला की पांढरे चट्टे उरतात. निवळ पाणी डागांवर टाकून 15-20 मिनिटं ठेवा नि मग नायलॉनच्या ब्रशने घासा. सकाळी लवकर करा, उन्हात द्रावण वाळून जातं नि फुकट जातं. धुण्याचं पाणी कुंड्यांत किंवा पाऊसपाण्याच्या टाकीत जाऊ देऊ नका.

ओलं शेवाळ भयंकर निसरडं. गमबूट, हातमोजे, चष्मा घाला. दूरच्या कोपऱ्यापासून जिन्याकडे मागे सरकत या, पण कठडा नसलेल्या कडेला पाठ करू नका.

कूलरच्या स्टँडखालचे तांबूस डाग मात्र गंजाचे, ते ब्लीचिंगने जात नाहीत. त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं, तेही गच्ची स्वच्छ धुऊन वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.